वेग घ्यावा की जागा? लॅपटॉपच्या डिस्कची गोष्ट



गेल्या महिन्यात आमच्याकडे गॅरेज आवरायला काढलं. तुमच्याकडेही असंच असणार, गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं काही असतं. एका खोक्यात, गणपतीच्या जुन्या मखराच्या थर्माकोलखाली, माझा २००८ सालचा लॅपटॉप सापडला. चार्जरसकट. मुलीने उत्साहाने तो लावला. दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग आतून एक बारीक घरघर सुरू झाली आणि मधूनमधून टक, टक. ती दचकली. "आई, हा बिघडलाय का?"

बिघडला नव्हता. आतली डिस्क फिरत होती. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि फिरणाऱ्या डिस्कचा आवाज तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तर आज त्या घरघरीची गोष्ट सांगते. त्यात एक हिशेब आहे, जो आपल्यापैकी अनेकांनी लॅपटॉप घेताना केला असेल. मीही केला होता. तो थोडा चुकला, त्याबद्दल शेवटी बोलू.

गोष्ट सुरू होते आपल्या इथूनच, सॅन होजेच्या डाउनटाउनमधून. ९९, नोत्र डेम ॲव्हेन्यू. १९५२ साली आयबीएमने रेनल्ड जॉन्सन नावाच्या माणसाला इथे एक छोटी प्रयोगशाळा काढायला पाठवलं. जॉन्सन आधी मिशिगनमध्ये शाळेत शिकवत असत, आणि उत्तरपत्रिका आपोआप तपासणारं यंत्र शोधून आयबीएममध्ये आले होते. तेव्हा या भागात जर्दाळूच्या आणि प्रूनच्या बागा होत्या. सिलिकॉन हा शब्दही कोणी या खोऱ्याला चिकटवला नव्हता.

त्या काळी कंपन्यांचा हिशेब पंच कार्डांवर असायचा. एका कार्डावर ८० अक्षरं. गोदामात एखाद्या मालाचे किती नग शिल्लक आहेत हे बघायचं तर कार्डांचा अख्खा गठ्ठा यंत्रातून काढावा लागे, म्हणून दिवसभराची कामं साठवून रात्री एकदम करत. चुंबकीय टेप आली तरी तिचाही स्वभाव तोच. मधलं काही हवं असेल तर आधीचं सगळं गुंडाळत जा. जॉन्सन यांच्या टोळीला हवं होतं ते असं की, मधलीच एक नोंद उचलावी आणि ती लगेच मिळावी. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांची डिस्क जाहीर झाली, रॅमॅक या संगणकाचा भाग म्हणून. २४ इंच व्यासाच्या ५० थाळ्या एकावर एक, मिनिटाला १२०० फेरे, वजन टनाहून जास्त. सगळी मिळून ५० लाख अक्षरं मावत, म्हणजे साधारण ६२,५०० पंच कार्डं. आजच्या भाषेत पावणेचार एमबी. तुमच्या फोनमधला एक फोटो त्यात मावेलच असं नाही. पण कुठलीही नोंद सरासरी ६०० मिलिसेकंदांत, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळात हाती येई. रात्रभर थांबणाऱ्या माणसाला ही जादूच होती.

लक्षात घ्या, डिस्क जन्माला आली ती वेगासाठी. जागा तर कार्डांच्या कपाटातही भरपूर होती.

(जाता जाता: सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत युनियनचे ख्रुश्चेव्ह आयबीएमचा सॅन होजेचा कारखाना पाहायला आले होते. त्यांना संगणकापेक्षा तिथलं कॅफेटेरियाच जास्त आवडलं, असं सांगतात. कामगारांसारखंच ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं, याचं त्यांना फार कौतुक वाटलं म्हणे.)

पुढे मात्र गंमत झाली. डिस्कची जागा वाढत गेली आणि वेग मागे राहिला. २००९ साली लॅपटॉपसाठी १ टीबीची डिस्क आली. रॅमॅकच्या अडीच लाख पटींहून जास्त माहिती तळहातावर मावली. आणि नोंद शोधायचा वेळ? ६०० मिलिसेकंदांवरून १७-१८ वर. म्हणजे चौतीस-पस्तीस पट. एक आकडा अडीच लाख पट आणि दुसरा पस्तीस पट. लॅपटॉपवरचं ते फिरणारं वर्तुळ बघत आपण जी काही वर्षं काढली, ती या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत बसून काढली.

असं का झालं? विमानतळावरचा सामानाचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून आलाय, चार बॅगा आहेत. तुम्ही पट्ट्यापाशी पोचेपर्यंत तुमची बॅग नुकतीच समोरून गेली. आता पूर्ण फेरी होईपर्यंत थांबा. कधी नशिबाने लगेच येते, कधी उशिरा, सरासरी काढली तर अर्धी फेरी. डिस्कचं अगदी तसंच. माहिती वाचणारं हेड आधी सरकून योग्य वर्तुळावर जातं, म्हणजे तुम्ही योग्य पट्ट्यापाशी चालत जाता, आणि मग हवा तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत थांबतं. मिनिटाला ४२०० फेरे असतील तर अर्ध्या फेरीला ७.१ मिलिसेकंद, ५४०० ला ५.६ आणि ७२०० ला ४.२.

जागा वाढवायची म्हणजे त्याच पट्ट्यावर बॅगा दाटीने ठेवायच्या. ते काम भौतिकशास्त्रज्ञांनी अफाट केलं. १९९७ साली आयबीएमने नव्या तऱ्हेचं, फार संवेदनशील हेड बाजारात आणलं. त्यामागचा शोध फर्ट आणि ग्रुनबर्ग या दोघांचा, त्यांना २००७ चं नोबेल मिळालं. मग चुंबकाचे कण आडवे मांडण्याऐवजी उभे मांडायची युक्ती आली. जपानच्या इवासाकी यांनी ती १९७०च्या दशकात सुचवली होती, पण बाजारात यायला २००५ उजाडलं. पुस्तकं कपाटात आडवी रचण्याऐवजी उभी लावली तर जास्त मावतात, तसंच काहीसं. पण पट्टा जोरात फिरवणं ही यंत्राची गोष्ट आहे. मोटर, बेअरिंग, हवा, कंप, उष्णता. तिथे दर दोन वर्षांनी दुप्पट असलं काही होत नाही.

लॅपटॉपमध्ये तर अडचणी आणखी. १९८० साली हायवे १७ वरच्या स्कॉट्स व्हॅलीतून, पुढे सीगेट झालेल्या कंपनीने सव्वापाच इंची डिस्क आणली, ५ एमबीची. १९८३ साली स्कॉटलंडच्या रोडाइमने साडेतीन इंची आणली, आणि १९८८ साली कोलोरॅडोच्या प्रेअरीटेकने अडीच इंची, २० एमबीची. एमबीए केलेल्या प्रत्येकाने क्लेटन क्रिस्टेन्सन यांचं 'द इनोव्हेटर्स डिलेमा' वाचलेलं असतं, निदान वाचल्याचं सांगितलेलं असतं. त्यातलं मुख्य उदाहरण हेच आहे. दर वेळी नवी छोटी डिस्क ही आधीच्या मोठीपेक्षा जागेतही कमी आणि कामालाही मंद होती. मोठ्या गिऱ्हाइकांना ती नको होती. तिचा एकच गुण, ती लहान होती. पण मांडीवर संगणक घेऊन बसणाऱ्याला तोच गुण हवा होता.

म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कने पहिल्या दिवसापासून तडजोड केलेलीच होती. बॅटरीवर चालायचं, म्हणून मोटर हळू. मांडी भाजता कामा नये, म्हणूनही हळू. शिवाय थाळीच छोटी, त्यामुळे कडेचा भाग डेस्कटॉपच्या मोठ्या थाळीइतक्या जोरात हेडखालून जातच नाही. बरीच वर्षं मिनिटाला ४२०० फेरे हाच लॅपटॉपचा रिवाज होता. आयबीएमचा डिस्कचा धंदा हिताचीने घेतला आणि २००३ मध्ये त्याच हिताचीने लॅपटॉपसाठी पहिली ७२०० फेऱ्यांची डिस्क काढली. ती होती ६० जीबीची. त्याच कंपनीची ४२०० फेऱ्यांची डिस्क तेव्हा ८० जीबीची होती. झाला फाटा. इकडे वेग, तिकडे जागा.

दोन्ही एकदम का देत नव्हते? पट्टा जोरात फिरवला की बॅगा तितक्या दाटीने ठेवता येत नाहीत. थाळी किंचित थरथरते, हेडला आपल्या बारीकशा वर्तुळावर टिकून राहणं अवघड जातं, आणि समोरून जाणारं वाचायला वेळही कमी मिळतो. म्हणून वेगवान डिस्क जागेच्या शर्यतीत नेहमी एक पाऊल मागे असे. उलट हळू फिरणाऱ्या डिस्कवर माहिती इतकी दाट असे की, एक मोठी सलग फाइल वाचायची असेल तर ती वेगवान डिस्कच्या बरोबरीला यायची. पट्टा हळू, पण बॅगेला बॅग लागून. फरक पडायचा तो छोट्या छोट्या शेकडो फाइली इकडून तिकडून उचलताना, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आणि ईमेल शोधताना.

आता माझा हिशेब. २००८ साली मी सल्लागार म्हणून काम सुरू केलं आणि स्वतःचा लॅपटॉप मागवला. वेबसाइटवर दोन पर्याय, साधारण एकाच किमतीत. ५४०० फेऱ्यांची २५० जीबी किंवा ७२०० फेऱ्यांची १६० जीबी. एमबीए नुकतंच झालं होतं, त्यामुळे लगेच एक्सेल उघडलं. रोज पाच मिनिटं वाचली, वर्षाचे २४० कामाचे दिवस, म्हणजे वर्षाला २० तास. त्याला तासाचा दर लावला. निर्णय झाला, ७२००.

त्यातली पाच मिनिटं कुठून आली? ५४०० वरून ७२०० म्हणजे ३३ टक्के जास्त, यावरून. पण वर सांगितलं तसं, थांबण्यात दोन भाग आहेत. हेड सरकायला लॅपटॉपच्या डिस्कवर साधारण १२ मिलिसेकंद लागत, ते फारसे कमी होत नव्हते. १२ अधिक ५.६ म्हणजे १७.६. १२ अधिक ४.२ म्हणजे १६.२. फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. ३३ टक्क्यांची पाटी वाचून मी आठ टक्के विकत घेतले, आणि त्यासाठी ९० जीबी सोडले. शिवाय १६० जीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये १४९ दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

हा धंदा म्हणूनही बघण्यासारखा प्रकार होता. दुकानातल्या पाटीवर जीबी ठळक अक्षरांत असत, फेरे बारीक अक्षरांत, तेही असले तर. हेड सरकायला किती वेळ लागतो हे कुठेच नसे. जो आकडा पाटीवर मावतो तोच विकला जातो.

याच वर्षी हा प्रश्न सगळ्यात उघडपणे मांडला गेला, तोही सॅन फ्रान्सिस्कोत. जानेवारी २००८, मॉस्कोनी सेंटर. स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. तो लिफाफा सगळ्यांना आठवतो. आत काय होतं ते कमी जणांना. १७९९ डॉलरना मिळणाऱ्या त्या पातळ लॅपटॉपमध्ये आयपॉडच्या जातीची, १.८ इंची, ८० जीबीची डिस्क होती. फेरे ४२००. ती नको असेल तर ६४ जीबीचा एसएसडी घ्या, वर ९९९ डॉलर द्या. हजार डॉलर जास्त मोजून १६ जीबी कमी! माझ्या एका सहकाऱ्याने तो घेतला तेव्हा आम्ही त्याला वेड्यात काढलं. आज वाटतं, आमच्यातला तोच पुढचं बघत होता.

कारण एसएसडीत काही फिरतच नाही. पट्टाच नाही, बॅग सरळ हातात. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली, त्यातली नँड ही जात १९८७ ची. १९९१ साली सनडिस्क, म्हणजे पुढची सॅनडिस्क, हिने २० एमबीचा एसएसडी आयबीएमला दिला, किंमत हजार डॉलरच्या आसपास. या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक संजय मेहरोत्रा, कानपूरचे. बारा मिलिसेकंद आणि चार मिलिसेकंद हा सगळा हिशेबच त्यांच्या वस्तूने मोडीत काढला. शोधायचा वेळ एका मिलिसेकंदाच्याही दहाव्या भागाजवळ आला. जे फेरे वाढवून पन्नास वर्षांत झालं नाही, ते फेरे काढून टाकल्यावर झालं.

मधली काही वर्षं लोकांनी दोन्ही डगरींवर पाय ठेवून काढली. २०१० साली सीगेटने ५०० जीबीच्या फिरत्या डिस्कलाच ४ जीबी फ्लॅश जोडून संकरित डिस्क विकली. आमच्यासारखे लोक लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे जुनी डिस्क बसवत आणि मुख्य जागी छोटा एसएसडी टाकत. मग २०११ च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये मोठा पूर आला, डिस्क बनवणारे कारखाने पाण्याखाली गेले आणि फिरत्या डिस्कच्या किमती एकदम चढल्या. स्वस्त जागा हा तिचा एकच बालेकिल्ला उरला होता, त्यालाही त्या वर्षी तडा गेला, असं माझं मत. पुढे लॅपटॉपमधून ती हळूहळू गेलीच.

प्रश्न मात्र गेला नाही. आजही नवा लॅपटॉप घेताना २५६ जीबी घ्यावा की वर पैसे देऊन ५१२, हे आपण विचारतोच, आणि बहुतेक वेळा कमी घेऊन उरलेलं क्लाउडवर ठेवतो. दरमहा भाडं देऊन. रॅमॅकही भाड्यानेच मिळायचा, संपूर्ण यंत्राचे महिन्याला ३२०० डॉलर. आणि क्लाउडवाल्यांच्या गोदामांत आपले फोटो बऱ्याच अंशी अजून फिरत्या डिस्कवरच आहेत. ती घरघर फक्त आपल्या घरातून गेली.

तुमच्याही गॅरेजमध्ये असा लॅपटॉप असेल तर ई-कचऱ्यात देण्याआधी एक करा. तळाचे स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्या. साधारण २००६ नंतरची असेल तर बहुधा चपट्या जोडाची साटा डिस्क असते, त्याआधीची असेल तर बारीक पिनांच्या दोन रांगा दिसतील. दोन्हींना यूएसबीला जोडणारी वायर थोडक्या डॉलरांत मिळते. डिस्क सपाट जागी ठेवा, चालू असताना हलवू नका, आणि जे वाचता येईल ते पहिल्या बैठकीतच उतरवून घ्या. दुसरी बैठक मिळेलच याचा भरवसा नसतो.

मी तेच केलं. आता तो शेवटचा हिशेब.

२००८ च्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिने आमच्याकडे सनीवेलला होते. तेव्हा आमच्याकडे मिनी-डीव्ही टेपचा कॅमेरा होता. लग्नापासूनच्या आणि त्या मुक्कामातल्या मिळून अठरा टेपा भरल्या. एका तासाची टेप संगणकावर उतरवली की १३ जीबी होते. विंडोज आणि ऑफिसचं सामान धरून माझ्या डिस्कवर ६० जीबी गेले होते. उरलेल्या जागेत सात टेपा मावत. २५० ची डिस्क घेतली असती तर चौदा. सगळ्या तशाही मावल्या नसत्या, आणि बाहेरची डिस्क विकत घेता आली असती, हे कबूल करते. तेव्हा ते पैसे वाया वाटले. मी लग्नाच्या सात टेपा पूर्ण ठेवल्या आणि बाकीच्या अकरांच्या छोट्या छोट्या फाइली केल्या, ३२० बाय २४० च्या. त्या काळच्या स्क्रीनवर चांगल्या दिसत. पुढे त्याच टेपांवर मुलीचं बारसं आणि वाढदिवस घेतले.

परवा जुन्या डिस्कवरून त्यातली एक फाइल आम्ही टीव्हीवर लावली. बाबा आमच्या अपार्टमेंटच्या पॅटिओत बसलेत. त्यांच्या हातात वहीचा एक कागद आहे. राजापूरजवळच्या आमच्या गावच्या घराची वंशावळ त्यांनी दुपारभर बसून लिहिली होती, आठ पिढ्यांची. ते कागद कॅमेऱ्यासमोर धरतात, बोट ठेवून सांगतात, "हे माझे आजोबा. त्यांना तीन भाऊ, ते इकडे. आणि यांच्या वरची नावं मी इथे लिहिली आहेत, ती तू नंतर वाच." आवाज स्वच्छ आहे. मागून कुणाच्या तरी लॉनमोवरचा आवाज येतोय, तोही स्वच्छ आहे.

बाबा २०१६ साली गेले. ठाण्याचं घर आवरताना त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या, त्या आधी कोणी चाळल्या नाहीत. मुलीने व्हिडिओ थांबवला, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. कागद दिसतो. ओळी दिसतात, कुठे फांदी फुटते तेही कळतं. अक्षरांच्या जागी करडे ठिपके आहेत.

फाइल सात मिनिटांची आहे, १८ एमबी. टेपवर त्याच सात मिनिटांचे दीड जीबी झाले असते. मुलगी आता फोनवर रत्नागिरीच्या आत्याकडून नावं लिहून घेते आहे. परवापर्यंत पाच पिढ्या झाल्या.